सतरा नंबरचा दगड

सोमवारी सकाळी करवतीखाली धरायला म्हणून तिने सतरा नंबरचा दगड उलटा केला आणि त्याच्या कडेला तिला स्वतःचीच जुनी चूक दिसली. अंगठ्याच्या पेराएवढी खाच, आणि खाचेच्या तळाशी एक बारीक पायरी. एका बाजूने आलेला काप दुसऱ्या बाजूने आलेल्या कापाला भेटता भेटता केसभर चुकलेला. अशी पायरी उन्हापावसाने पडत नाही, हातोडीनेही पडत नाही. अकरा वर्षांपूर्वी करवतीचा पट्टा मध्येच तुटला होता, पातं दगडात अडकून बसलं होतं. ते सोडवून तिने दगड फिरवून पलीकडून कापायला घेतला होता आणि दोन काप जुळले नव्हते. त्या दिवशी तिने पट्टा पुरवणाऱ्याच्या बेचाळीस कुळांचा उद्धार केला होता, म्हणून तर लक्षात होतं. तो दगड किनाऱ्यावरच्या खाणीतला होता. आणि हातातला हा दगड, पिशवीला बांधलेल्या चिठ्ठीप्रमाणे, किनाऱ्यापासून तीनशे किलोमीटर आत असलेल्या डोंगरांच्या रांगेतला, गेल्या महिन्यात मॅडमनी स्वतः फोडून आणलेला. तिने चिठ्ठी पुन्हा वाचली. अक्षर मॅडमचंच. सतराचा सात त्या मधोमध आडवी रेघ मारून काढत, तशीच रेघ होती. करवतीवर पाण्याची धार चालू होती आणि पातं नुसतंच फिरत होतं. तिने बटण बंद केलं तेव्हा खोलीत एवढी शांतता झाली की बाहेरून कुणी ऐकेल असं तिला वाटलं. काय ऐकेल, ते मात्र तिला सांगता आलं नसतं.

भूशास्त्र विभागात तिला सगळे काचताई म्हणत. दगड कापायचा, त्याची चकती काचेवर चिकटवायची, मग ती खरखरीत पुडीवर घासत घासत इतकी पातळ करायची की दगडातून उजेड आरपार जावा, हे तिचं काम. तीस मायक्रॉन. नवीन मुलांना ती सांगे, माणसाच्या केसाच्या निम्म्याहूनही पातळ. शेवटचं घासणं हातानेच, जाड सपाट काचेवर, पाण्यात कालवलेल्या पुडीत, आठच्या आकड्यासारखा हात फिरवत. मुलं थक्क होत. काळा कुळकुळीत दगडही शेवटी चष्म्याच्या काचेसारखा होई आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यात रंगीत खिडक्या उघडत. एकवीस वर्षं ती या तळघरातल्या खोलीत होती. मॅडमही जवळपास तेवढीच वर्षं विभागात होत्या. मॅडम डोंगर चढत, दगड फोडत, ओझं खाली आणत. ही ते दगड उघडून देई. मॅडमच्या प्रत्येक लेखाच्या शेवटी आभारात तिचं नाव असे. तिने ते लेख वाचले नव्हते, पण ती शेवटची ओळ असलेली पानं घरी एका फायलीत लावून ठेवली होती.

मॅडमचं म्हणणं काय होतं, ते तिला ठाऊक होतं. एकदा करवत दुरुस्तीला गेली होती तेव्हा मॅडमनी रिकाम्या स्टुलावर बसून, चहाच्या बशा एकमेकींवर सरकवून सांगितलं होतं. ही समुद्राखालची जमीन. ही तिच्याशेजारची. खालची वरचीच्या पोटाखाली घुसते, खोल खोल जाते, आणि जाताना समुद्राचं पाणी दगडांमध्ये मुरवून घेऊन जाते. खाली उष्णतेने ते पाणी सुटतं, वर चढतं, आणि ते लागलं की वरचा दगड वितळायला लागतो. म्हणून तर अशा जागी ज्वालामुखींची रांगच्या रांग उभी राहते. त्यातलं सगळं काही वर उसळत नाही. पुष्कळसं खालीच अडकून सावकाश गार होतं, त्याचा ग्रॅनाइट होतो. मग कोट्यवधी वर्षं जातात, ज्वालामुखी झिजून जातात, समुद्र मिटतो, दोन्ही किनारे एकमेकांना येऊन चिकटतात. उरतो तो हा ग्रॅनाइट. पाण्याबरोबर चढणारी द्रव्यं त्यात हटकून जास्त, आणि काही हट्टी धातू, जे पाण्याबरोबर यायला तयारच नसतात, ते हटकून कमी. शिवाय हॉर्नब्लेंडचे हिरवे स्फटिक, त्यांच्या तर अंगातच पाणी. "समुद्र गेला काचताई," मॅडम म्हणाल्या होत्या, "पण त्याचा ओलावा दगडात राहिला." किनाऱ्यावरच्या खाणीतला ग्रॅनाइट असा आहे हे सगळ्यांना मान्यच होतं. मॅडमचं म्हणणं होतं की आतल्या डोंगरांतलाही तसाच आहे, म्हणजे तो जुना समुद्र तिथवर होता. हे कुणी मानत नव्हतं. गेल्या वर्षी मॅडमचा लेख परत आला होता. पुढच्या वर्षी मॅडम निवृत्त होणार होत्या. आणि आता डोंगरातल्या दगडांच्या पिशवीत किनाऱ्याचा दगड होता. दोन आणि दोन चार करायला काय लागतं? तिने खाचेची बाजू आत राहील असा दगड फडक्यात गुंडाळला आणि खणात ठेवून कुलूप लावलं. या खणाला एकवीस वर्षांत कधी कुलूप लागलं नव्हतं. किल्ली शोधायलाच तिला पाच मिनिटं लागली.

त्या दिवसापासून तिच्या कानाला आणि डोळ्याला वेगळीच धार आली. दगडांच्या कोठारात जाऊन तिने किनाऱ्याच्या दगडांचा कप्पा ओढून पाहिला. धुळीत एका दगडाएवढी स्वच्छ जागा होती. मॅडमच्या खोलीचं दार हल्ली बंद असे. पूर्वी ते विटेचा तुकडा लावून उघडं ठेवलेलं असे. बुधवारी ती पावती घेऊन वर गेली तेव्हा आत छोटे सर होते. छोटे सर म्हणजे दोन वर्षांपूर्वी आलेले विभागप्रमुख, वयाने मॅडमहून वीस वर्षांनी लहान, म्हणून छोटे. दोघं सूक्ष्मदर्शकाशी वाकले होते. ती दिसताच बोलणं तुटलं. मॅडमनी स्लाइडचा ट्रे पालथ्या वहीखाली सारला. तो सारताना त्यांचा हात जरा घाईत होता. "काय काचताई?" मॅडम म्हणाल्या, नेहमीच्याच आवाजात, पण नेहमीचा आवाज काढायला माणसाला कष्ट पडले की तो थोडा वर चढतो, तसा तो चढलेला होता.

"पुडीची पावती होती, सही हवी होती."

"ठेवा ना. आणि सतरा नंबर झाला का?"

"एवढी घाई आहे का त्याची?"

"घाई नाही," मॅडम म्हणाल्या. "पण तोच आधी द्या."

तोच आधी. जिना उतरताना हे दोन शब्द तिने चघळून चघळून चोथा केले. छोटे सरही यात असावेत का? की मॅडम त्यांनाही फसवताहेत? आणि तिला का यात ओढलंय? उद्या उघडकीला आलं तर म्हणायला बरं, काप आम्ही नाही केला, तळघरातल्या बाईने केला, तिनेच दगडांची अदलाबदल केली असेल. आभारात नाव असतं ते यासाठीच की काय? एकवीस वर्षं आपण ज्या ओळीची कात्रणं जमवली, तो गुन्ह्यातला वाटा होता? तिला मॅडमची एकेक गोष्ट आठवू लागली आणि प्रत्येक गोष्टीची खालची बाजू वर येऊ लागली. तिच्या मुलीच्या प्रवेशाच्या वेळी मॅडमनी केलेली धावपळ. आजारपणात पाठवलेली फळांची करंडी. इतकं चांगलं कुणी कुणाशी उगाच वागतं का? भांडं आधी कल्हई करून ठेवतात ते पुढे त्यात काही आंबट शिजवायचं असतं म्हणूनच ना?

घरीही तिचं लक्ष ठिकाणावर नव्हतं, आणि नसलेल्या लक्षाला नको ते दिसतं. जेवणं झाली, तिने ताटं घासून पालथी घातली, आणि कपडे घड्या करायला आतल्या खोलीत गेली. परत आली तर नवरा नळाखाली तीच ताटं पुन्हा धूत होता. नळ बारीक सोडलेला, आवाज होऊ नये इतका. पाणीपुरवठा खात्यात जन्म गेला होता त्याचा, नळ किती सोडला की आवाज होत नाही हे त्याला बरोबर ठाऊक. ती दारातच थांबली. त्याने पाहिलं नाही. एकेक ताट उजेडाकडे तिरपं धरून तो बघत होता, नखाने काहीतरी खरवडत होता, पुन्हा धूत होता. ती पाय न वाजवता मागे फिरली. हाही. हे काय चाललंय सगळ्यांचं? हा कुणाशी बोलला असेल? मुलीला फोनवर काही सांगत असेल? मध्यंतरी मुलीने उगाच विचारलं होतं, "आई, तू बरी आहेस ना गं?" उगाच कुणी विचारत नाही.

आणि घड्या घालता घालता तिला आई आठवली. आई शिवणकाम करायची. बाळांची झबली, बायकांचे परकर, शाळेचे गणवेश, सगळ्या गल्लीचे कपडे आईच्या मशिनीवरून जायचे. साठीला आल्यावर आईची शिवण वाकडी जायला लागली. गिऱ्हाईक बोलायचं नाही, पण दुसऱ्यांदा यायचं नाही. तेव्हा ही कॉलेजात होती. दुपारी आई आडवी झाली की ही पुढच्या खोलीत बसून आईने घातलेली टीप उसवायची आणि पुन्हा सरळ घालायची, मशिनीचा आवाज होईल म्हणून हातानेच. आईला सांगायची हिंमत झाली नाही. तीन-चार महिने असं चाललं. मग एक दिवस आईने मशिनीवर चादर टाकली आणि म्हणाली, पुरे झालं आता, पाठ दुखते. पाठीचं त्याआधी तिने कधी नाव काढलं नव्हतं. आईला कळलं होतं का? हे तिला आजवर कळलेलं नाही. आई गेली तेव्हाही ती उशाशी बसून हेच विचारावं की नाही याचा विचार करत होती आणि विचार संपायच्या आत आई संपली.

गुरुवारी तिने सतरा नंबर कापला. खाच असलेला तुकडा वेगळा काढून पर्समध्ये ठेवला, रुमालात बांधून, पुरावा म्हणून. चकती काचेला चिकटवली, घासली. हात आपोआप फिरत होता. पूर्वी ती दर थोड्या वेळाने काप सूक्ष्मदर्शकाखाली धरून जाडी बघे. गेली काही वर्षं बघत नसे. अंगठ्याला कळतं, असं ती म्हणे, आणि मुलं ते वाक्य वहीत लिहून घेत. काप पुसून ती कपाटाकडे गेली. अकरा वर्षांपूर्वीच्या स्लाइड तिने स्वतःच लावलेल्या होत्या, त्यातून किनाऱ्याच्या दगडाची काढायला वेळ लागला नाही. दोन्ही काचा तिने दिव्याच्या उजेडात भिंगाखाली शेजारी शेजारी धरल्या. एक मोठा पांढुरका स्फटिक, त्याचा एक कोपरा मोडलेला, त्याला टेकून तीन हिरवे. दोन्हींत तोच. एका पावाचे दोन काप. आता शंकेला जागा नव्हती. छातीत एक प्रकारचा आनंद होता, लाज वाटावी असा. आपण बरोबर होतो. ती तशीच जिना चढली, दोन्ही काचा एका हातात, पर्स दुसऱ्या. दार बंद होतं. तिने टकटक केली नाही.

मॅडम एकट्याच होत्या. "मॅडम," ती उभ्यानेच म्हणाली, "सतरा नंबरचा दगड डोंगरातला नाही."

मॅडमनी चष्मा काढला. "मग कुठला?"

"किनाऱ्यावरच्या खाणीतला. अकरा वर्षांपूर्वी मीच कापलाय तो. हे बघा." तिने रुमाल सोडून तुकडा टेबलावर ठेवला. "कडा फोडून आणल्यात तुम्ही, पण ही एक राहिली."

मॅडमनी तुकडा उचलून बोटाने पायरी चाचपली. कसला संताप नाही, नाकारणं नाही. "ओळखलात तर," त्या म्हणाल्या. "हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"म्हणजे कबूल आहे."

"हो. मीच ठेवला पिशवीत."

"एवढा समुद्र हवा होता तुम्हाला?"

मॅडमना क्षणभर अर्थच लागला नाही. मग लागला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की तिने नजर खिडकीकडे वळवली. "तुम्हाला असं वाटलं? मी दगड बदलून लेख लिहीन?"

"दगड तर बदललात ना?"

"बदलला. पण तो लेखात जाणारच नव्हता. खरा सतरा नंबर त्या कपाटात आहे, बघा हवं तर." मॅडम उठल्या, दार लावून घेतलं आणि खुर्ची सूक्ष्मदर्शकाकडे ओढली. "बसा. तुम्ही हे असं वर घेऊन आलात, आता मला दुसरं काही सांगताच येणार नाही. जुनी काच ठेवा आधी. आणि फिल्टर आडवा करा."

ती बसली. उजवा डोळा लावला, मग सवयीने डावा. गेले वर्षभर ती डावाच लावत होती, हे तिला त्या क्षणी जाणवलं. फिल्टर आडवा केल्यावर जुन्या कापात रंग उमलले. मधला क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचा कण, राखाडी, ढगाळ दिवसासारखा. "राखाडी," ती म्हणाली.

"आता नवी."

तिने काच बदलली. तोच मोडक्या कोपऱ्याचा स्फटिक, त्याला टेकलेले तेच तीन हिरवे. आणि क्वार्ट्झ पिवळा. हळदीएवढा नाही, पण पिवळा. तिने काच थोडी सरकवली. दुसरा कणही पिवळा. तिसराही. पुढचं वाक्य तिचंच होतं, दरवर्षी जून महिन्यात नव्या मुलांपुढे म्हटलेलं: क्वार्ट्झ कुठल्याही देशातला असो, नीट कापला तर राखाडीच दिसतो, पिवळा दिसला तर दगडाला दोष देऊ नका, तुमचा काप जाड आहे. दगड एकच होता, हे तर तिनेच सिद्ध करून आणलं होतं. बदललं होतं ते काय, याला आता एकच उत्तर उरत होतं. गेल्या चार दिवसांत तिला सगळं सुचलं होतं, फक्त हे सोडून.

"किती?" तिने विचारलं. मान वर केली नाही.

"दोन वर्षांतले एकोणीस काप मी तपासले. तेरा जाड आहेत. लेख परत आला तो यासाठीच. तपासणाऱ्याने लिहिलं, यांच्या छायाचित्रांत खनिजांचे रंग चुकीचे आहेत. ज्यांना हॉर्नब्लेंड नीट दाखवता येत नाही त्यांच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा? तेव्हा मला वाटलं दगडच वेगळे असतील. मग वाटलं माझंच चुकतंय."

"आणि मग मी."

"छोटे सर म्हणाले आधी. त्यांना ही खोली बंद करून काप बाहेरून करून घ्यायचेत. मी म्हटलं, नुसत्या संशयावर नको. ज्याचा जुना चांगला काप आपल्याकडे आहे असा एक दगड देऊ, दोन्ही ताडून बघू."

"मला विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर त्या दिवशी तुम्ही जीव ओतून कापलं असतंत. मला रोजचा काप बघायचा होता." मॅडमनी खाचेचा तुकडा पुन्हा रुमालात ठेवला. "आणि खरं सांगायचं तर तोंड नाही झालं माझं."

ती खाली आली. करवतीपाशी उभी राहिली. राग यावा म्हणून तिने वाट पाहिली, तो आलाही, पण कुणावर काढायचा ते ठरेना आणि तसाच विरला. दुपारी अर्ज न देताच ती घरी गेली. नवऱ्याने इतक्या लवकर कशी म्हणून विचारलं तर ती स्वयंपाकघरात जाऊन ताटांच्या चवडीपुढे उभी राहिली.

"ही परत का धुता तुम्ही?"

तो म्हणाला, "डाग राहतात गं कधीकधी."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष."

"वर्षभर! आणि सांगितलं नाहीत?"

"तू चिडली असतीस."

"आता नाही चिडणार का मग?"

"आता तर चिडलीच आहेस," तो म्हणाला, "मग आता डोळे दाखवून येऊ का आपण?"

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, उजव्यात पिकलेला. शस्त्रक्रियेला दीड महिन्यानंतरची तारीख दिली. शुक्रवारी आणि शनिवारी ती घरीच होती. आई कधी पलंगावरून उठून पुढच्या खोलीच्या दाराशी आली असेल का, आपल्याला उसवताना पाहून परत जाऊन पडली असेल का, हे दोन्ही दिवस तिच्या मनात येत राहिलं. पाहिलं असेल तर आईला कुणावर संशय आला असेल? मुलगी आपलं काम बिघडवतेय असंही वाटलं असेल. सोमवारी ती नेहमीपेक्षा लवकर गेली आणि मॅडमच्या दाराशी जाऊन थांबली.

"ते तेरा काप द्या. आणि खरा सतरा नंबरही."

"काचताई, तुमच्या डोळ्यांचं होऊ दे आधी. छोट्या सरांशी मी बोलते."

"पातळ झाले असते तर कचऱ्यात टाकावे लागले असते," ती म्हणाली. "जाड आहेत ना? मग बिघडलं काय? जाड काप घासता येतो. फक्त तुम्हाला खाली येऊन बसावं लागेल. मला दिसत नाही."

शेवटचे तीन शब्द ती पहिल्यांदाच बोलत होती. ते अवघड जातील असं तिला वाटलं होतं. पण ते सहज निघाले.

मॅडम सूक्ष्मदर्शक घेऊन तळघरात उतरल्या. छोटे सरही एकदा डोकावले, करवतीचा, पाण्याचा, दोघींचा अंदाज घेतला, महिनाअखेरपर्यंत बघू म्हणाले आणि गेले. तिने पूड कालवली. पहिला काप काचेवर उलटा ठेवला, हात आठाच्या आकड्यात फिरू लागला. वीस फेऱ्या, धुवायचं, पुसायचं, मॅडमकडे द्यायचं. मॅडम बघायच्या, परत द्यायच्या. "अजून." पुन्हा वीस. "अजून थोडं." पुन्हा दहा. आपल्या अंगठ्याला जिथे पुरे वाटतं तिथून पुढे अजून इतकं अंतर आहे, हे तिला प्रत्येक कापाला नव्याने कळत होतं. अंगठा तिला खोटं सांगत होता, आणि तेही किती खात्रीने. दोन काप झाले, चार झाले. पाचव्याला मॅडम लवकर थांबा म्हणाल्या आणि तिच्या मनात चटकन आलं, या दमल्या असतील. किंवा आपली कीव करत असतील.

"मॅडम, दया नको हं. नीट बघा."

"दया केली तर माझा समुद्र जाईल," मॅडम डोळा न हलवता म्हणाल्या. "राखाडी आहे. पुढचा द्या."

दुपारनंतर खरा सतरा नंबर घेतला, डोंगरातला, कोराच. तो तिने सकाळीच कापून चिकटवला होता. दगड कठीण होता, वेळ घेत होता. वीस, पुसा, अजून. वीस, अजून. मग दहा. मग पाच. मॅडम बराच वेळ वाकून राहिल्या. काच हलके हलके फिरवत होत्या, आणि त्यांचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं.

"काय दिसतंय?"

"क्वार्ट्झ राखाडी. हॉर्नब्लेंड आहे. पुष्कळ आहे, काचताई, कडा स्वच्छ. पांढऱ्या स्फटिकांत वलयांवर वलयं आहेत, किनाऱ्याच्या दगडात असतात तशी." त्यांचा आवाज खाली उतरला होता. "याने सिद्ध होत नाही अजून, आकडे जुळायला हवेत. पण आता कुणी चित्र चुकीचं म्हणणार नाही. थांबा, आता हात लावू नका. पुरे."

मॅडमनी खुर्ची मागे सरकवून तिला जागा करून दिली. सूक्ष्मदर्शकाचा दिवा चालू होता. तिने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग मॅडमकडे. या वेळी शेजारी ताडायला जुनी काच नव्हती; बघितलं असतं तर एक अंधूक उजेड दिसला असता, राखाडी की पिवळा हे तिला कुणाला तरी विचारावंच लागलं असतं. ती बसली नाही. तिने नळाखाली हात धुतले, घासायच्या काचेवरची पूड धुऊन काढली आणि ट्रेमधला सातवा काप उचलला.